सूतभर

हरणांचा हंगाम उघडायला अकरा दिवस असताना
वडलांचा फोन आला. "प्रेस बिघडलीय."
एवढंच. मग नुसता श्वास, आणि मागे रेडिओवर
सुपीरियर सरोवरावरच्या वाऱ्याचा इशारा.

चार तास गाडी हाणली. मार्केटच्या पुढे बर्फ.
हत्यारांची पेटी शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.

तळघरात त्यांनी सगळं मांडूनच ठेवलेलं :
बिडाची हिरवी प्रेस, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी,
आणि आईच्या केकच्या साच्यात, कप्प्याकप्प्यात,
नापास पुंगळ्या.

पहिला नियम त्यांचाच. दारू खोलीबाहेर,
भरलेले प्रायमर कपाटात, किल्ली खिशात.
मगच डोकं चालवायचं.

"प्रायमर वर राहतोय. बोट फिरव."
फिरवलं. पितळेच्या सपाट बुडाशी
भातात खडा लागावा तसं काहीतरी, केसभर.
"वर केसभर," ते म्हणाले,
"म्हणजे खाली कुठेतरी सूतभर खोट."

मी फिरती थाळी काढली. तिच्याखाली
दारूचे तीन कण, तिळासारखे, काजळलेले. सापडला चोर, वाटलं.
ब्रश मारला. परत तेच.
स्प्रिंग बदलली. तेच.
पिन बाहेर काढून उजेडात धरली, जुन्या दातासारखी
झिजलेली, पण सरळ.
शेजारचे क्लाइड बोड्री येऊन, कॉफी पिऊन, सांगून गेले :
"आर्वो, भंगारात दे. आता निळ्या मिळतात, मोटरच्या."
वडलांनी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

ग्रीस पुसलं, नवं लावलं. रॅम लोण्यासारखा वर-खाली.
रात्रीचे साडेनऊ. मी विझलेल्या प्रायमरवर
दहा पुंगळ्या चालवल्या. दांडा खाली, दांडा वर,
आणि वर गेल्यावर त्याच्याही पुढे
एक शेवटची ढकल.
दहाच्या दहा सपाट. बोटाला काही लागेना.

"बघू," म्हणून ते उभे राहिले.
दांडा खाली. चांगला.
दांडा वर. चांगला.
आणि ती ढकल
सुरू झाली, खांद्यापर्यंत आली, तिथे थांबली,
आणि ती झाली असं समजून
त्यांनी दांडा परत ओढला.

मी पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

कुठल्या पुस्तिकेत हे नसतं.
तक्त्यात असतं : घाण, झीज, सैल नट.
तक्ता छापणाऱ्याने धरलेलं असतं
की दांड्याच्या या टोकाला कायम तोच माणूस उभा असेल.

गॅरेजमधून मी एक फळी आणली,
बर्चची, दोन बोटं जाड, कधीकाळच्या होडीतली.
"फरशी गार आहे," म्हटलं. "यावर उभे राहा."
ते खाली बघत राहिले. या फरशीवर
सदतीस हिवाळे ते नुसत्या मोज्यांवर उभे होते.
फळीवर चढले.
उंची बदलली, कोन बदलला, खांद्याऐवजी
सगळं अंग दांड्यावर कललं.

टक्.

दोघांनीही तो आवाज ऐकला.
त्यांनी पुंगळी उलटी करून बोट फिरवलं,
एकदा, मग पुन्हा, उगाचच.

"कुठला नट होता?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, "खालचा."
"हं. खालचाच असणार."

मग बेंचवरची वही ओढली. तिच्यात
प्रत्येक दुरुस्ती तारखेसकट, तिरक्या अक्षरात.
मी जिना चढताना वळून पाहिलं :
चश्मा कपाळावर, पेन्सिल ओठांत,
ते फळीवरून उतरलेच नव्हते.

सकाळी, ते अंघोळीला गेल्यावर, मी वही उघडली.
९ नोव्हेंबर. बिघाड : मी.
उपाय : फळी.
खाली, जरा वेळाने लिहिल्यासारखं :
वेर्नाला सांगू नये.