हातचा मळ

कुतैसीच्या नाट्यशाळेत, तिसऱ्या मजल्यावर
हीटर बंद. आम्ही कोट घालूनच बसलेले.
त्सियालाबाई म्हणाल्या, "मालखाझ, कणीक मळ."
परात नाही, पीठ नाही. नुसतं टेबल.

मालखाझ रात्रपाळीला बेकरीत असतो.
पहाटे चारला, अर्धा भट्टीत ओणवून
तापल्या मातीच्या भिंतीला लांबट पाव थापतो.
आम्हाला वाटलं, हा तर याच्या हातचा मळ.

त्यानं बाह्या सरसावल्या.
कपाळ पुसलं, जिथं घाम नव्हता.
मुठी आपटल्या, उसासे टाकले.
"कष्ट दिसले," बाई म्हणाल्या, "कणीक नाही दिसली.
पुन्हा."

सात वेळा पुन्हा.
आठव्यांदा तो चिडला, हात सैल सोडून
खिडकीबाहेर रिओनीच्या गढूळ पाण्याकडे बघत राहिला.
आम्हीही.
बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या.

कधी कोण जाणे,
त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख
डाव्या तळहाताच्या कडेला चिकटलेलं काहीतरी
खरवडू लागलं.
हळू, बोटांच्या बेचक्यांतून,
मनगटापर्यंत.
त्याचं लक्षच नव्हतं.

मागच्या बाकावरून एतेरी पुटपुटली,
"पाणी जास्त झालंय."

बाईंनी मान वर केली नाही.
पेन्सिलीची सालं तळहातावर गोळा करत म्हणाल्या,
"झाकून ठेव. फुगू दे रात्रभर."

मालखाझनं परात उचलली,
दोन्ही हातांनी, पोटाशी धरून.

दार मी उघडलं.