साल

उद्यमबागेतल्या शेडला कुलूप घालून
भरमाणी हलगेकर वकिलांच्या माडीवर.
पिशवीत नोटिसा, वर डबा.

नादारीत भांडीकुंडी नेतात काय?
नाही.
हिच्या गळ्यातलं?
नाही.
मायक्रोमीटर? बावीस वर्षं हातातला आहे ओ.
कारागिराची हत्यारं सहसा सोडतात.
लेथ?
वकील पंख्याचं बटण शोधतात.

आणि जामीन राहिलेला मेव्हणा?
तो सुटत नाही.
(डबा आज त्याच्याच घरचा.)

कारकून कन्नड अर्ज भरत विचारतो,
साल एष्टु?
दोन हजार एकोणीस, हा म्हणतो,
तिथनंच सगळं बिघडलं.
साल म्हणजे कर्ज, मामा. आकडा सांगा.

तेच की, म्हणतो हलगेकर,
आणि बोटांवर
पुन्हा वर्षंच मोजायला लागतो.