चौदा दिवसांचं बिऱ्हाड

डांबर संपतं तिथून एकवीस मैल.
गुरं अडवायच्या लोखंडी जाळीवर गाडी खडखडली
की क्लेल म्हणायचा, "आलं घर."
घर कसलं? ना नळ, ना दिवा, ना संडास,
साधी पाटीसुद्धा नाही.
सेजची करडी झुडपं, ओढ्याकाठी ॲस्पेनची रांग,
आणि आम्ही दोघांनी बाहत्तर साली रचलेलं
नऊ दगडांचं चुलाण.

या वर्षी क्लेल नाही.
त्याची खुर्ची तेवढी घेऊन आलो, सवयीनं.

वळणावर बघतो तर
आमच्या जागी एक निळी मोटार,
मागची काच चिकटपट्टीनं धरून ठेवलेली,
दोरीवर लहान मुलाचे मोजे,
आणि आमच्या चुलाणावर दुसऱ्याचं पातेलं.
तोंडात शिवी आली. ती गिळेपर्यंत
एक पोरगी उभी राहिली. हातात पळी,
पण काठी धरावी तशी धरलेली.
"जागा तुमची आहे का?"
पन्नास वर्षं येतोय, असं म्हणणार होतो.
म्हणालो, "नाही. सरकारची."
आणि वाटलं, हेही खरं नाही.
सरकार इथं कधी झोपलंय?

दोनशे पावलांवर तंबू ठोकला.
उतार होता. रात्रभर घसरत घसरत
सकाळी तंबूच्या दाराशी गोळा झालो.
ओढ्यापासून लांब जाऊन खड्डा खणला, वीतभर,
उठल्यावर बुजवला.
मांजराकडून माणसानं एवढं तरी शिकावं,
हे क्लेलचं. दरवर्षी, त्याच खड्ड्याशी, तेच.

ओपल सहा वर्षांची. आली आणि न विचारता
रिकाम्या खुर्चीत बसली.
"ही कुणाची?"
"भावाची."
"तो कधी येणार?"
"तू जरा दाबून बस," म्हटलं,
"वारा उडवून नेतो ती."

तिची आई ब्रिन. एल्कोच्या मोटेलात चादरी बदलायची.
भाडं वाढलं तेव्हा स्वतःच्या चादरी
मोटारीत टाकून निघाली.
चुलाणाच्या एका दगडावर कोळशाच्या रेघा होत्या.
मी मोजल्या. मोजायला नको होत्या.
सोळा.
नियम चौदाचा. पुढे बिऱ्हाड उचलायचं,
पंचवीस मैल तरी लांब.
टाकीत पेट्रोल सहा मैलांचं,
पैसे येणार शुक्रवारी.

इन्चाउस्ती गुरुवारीच आला.
पांढरी गाडी, छातीवर बिल्ला, हातात वही.
"कधीपासून?"
ब्रिननं तोंड उघडलं. मी आधी बोललो,
"मंगळवारी. माझ्याबरोबर."
त्यानं तंबूची कड बुटानं उचलली.
खालचं गवत पिवळं पडून झोपलेलं.
दोन दिवसांत गवत असं झोपत नाही,
हे त्याला ठाऊक, मला ठाऊक.
मग चुलाणाकडे वळला.
ओपल नेमकी त्या दगडावर बसून होती,
विजार काळी करून घेत.

तो ओढ्याकडे बघत राहिला बराच वेळ.
तिथल्या सालींवर मेंढपाळांची नावं आहेत,
शंभर वर्षांत झाडाबरोबर फुगून
वाचता न येणारी.
त्याच्या घराण्यातलं एखादं असेलही.
मी विचारलं नाही.
"मंगळवार," त्यानं वहीत लिहिलं.
"मग चौदा मोजा मंगळवारपासून."
गाडी गेली तरी धूळ खाली बसेना.

शुक्रवारी त्या गेल्या नाहीत.
रविवारी पहाटे जाळी खडखडली, ती मी पडल्या पडल्या ऐकली.
राख ओली, हातानं ढवळलेली.
रेघांचा दगड उलटा घातलेला, गोरी बाजू वर.
कागदाचा कपटा नाही कुठं.
नुसता गवताचा एक पिवळा चौकोन.

सपाट जागा होती. तंबू हलवता आला असता.
नाही हलवला.
खुर्ची मात्र नेऊन ठेवली कडेला, आणि बसलो.
एक काडी उभी राहायला लागली होती,
असं दिसलं.
चष्मा गाडीत होता.