पाणी कुठवर आलं होतं

मगदूम सर निवृत्त झाले तेव्हा
कॉलेजनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं,
शाल, नारळ, आणि प्राचार्यांच्या भाषणात
दोनदा चुकलेलं नाव : जिनगोंडाऐवजी जिनदास.
सरांनी दुरुस्त केलं नाही.
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर
लाल शाई ओतून
संपली असावी.

पहिली नऊ वर्षं जतला, तासिका तत्त्वावर,
एसटीच्या मागच्या सीटवर पेपर तपासत.
मग सांगली. बी.ए. भाग दोन,
फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं, मुद्दे पाच.
सहावा सांगायला लागले की
शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं,
सर, हे परीक्षेला येतं का?
तो कुणीतरी मीच. रोल नंबर सत्तेचाळीस.
आता मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर नंबर टाकतो,
आणि रविवारी
सरांच्या टेपचं एक टोक धरतो.

कारण सरांनी आता एकच विषय घेतलाय :
पाणी कुठवर आलं होतं.

गावभाग, मारुती चौक, हरिपूर रस्ता,
भिंत दिसली की स्कूटर थांबते.
रंगाखालून वर आलेली मातकट रेघ,
गिरणीच्या मोटारीवरचा गंज,
सलूनच्या आरशाची पारा उडालेली कड.
मी टोक जमिनीला टेकवतो,
सर चष्मा कपाळावर चढवून वाचतात :
सात फूट चार इंच, साल एकोणीस.
तिच्या खालची, पुसट, साल पाच.

लोकांना वाटतं आम्ही पंचनाम्याचे.
कुणी पासबुक आणतं, कुणी आधारची झेरॉक्स.
सर म्हणतात, मी सरकारचा नाही, इतिहासाचा.
बहुतेक दारं तिथंच लागतात.
एका घरात मात्र म्हणाले, इतिहासाचे व्हय,
मग च्या तरी घ्या.

हरिपुरात अक्काताई अंबींच्या घरी
रेघच नव्हती.
लेकाच्या लग्नात पोपटी डिस्टेंपर मारलेला.
सर भिंतीवरून तळवा फिरवत राहिले,
ताप बघावा तसा.
अक्काताई म्हणाल्या, भितीला काय इचारताय?
आणि स्वतःच पाठ लावून उभ्या राहिल्या,
एक हात हनुवटीखाली आडवा :
हितपतूर.
आन् नातू हितं.
दुसरा हात डोक्यावर, रिकामा,
तरी वजन पेलल्यासारखा थरथरत.
मी टेप पुढं केला. सरांनी घेतला नाही.
नातू आतून मोबाइल बघत आला,
आजीपेक्षा हातभर उंच,
म्हणाला, कोण आल्यात?

तेव्हापासून वहीला दोन रकाने.
एकात फूट-इंच.
दुसऱ्यात : मांडी. म्हशीची शिंगं.
शिलाई मशीनचं चाक, अर्धं.
देवळीच्या वर चार बोटं.
नवऱ्याच्या फोटोतली टोपी.
या माणसांना संदर्भसूचीत कसं बसवायचं
यावर सर आठवडाभर अडले.
कोल्हापूरच्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं,
याला संशोधनपद्धती म्हणत नाहीत.
सर म्हणाले, बरं.

सरांच्या स्वतःच्या घराची नोंद वहीत नव्हती.
तळमजल्याला त्यांचं कपाट होतं,
जतकडच्या दुष्काळी कामांवरची बावीस वर्षांची टिपणं.
दुष्काळ पुरात गेला, म्हणून एकदाच हसले होते.
काकूंनी पानं गच्चीवर सांडग्यांसारखी वाळवली.
शाई गेली, कागद चांगला निघाला.
किराण्याची यादी अजून त्यावरच होते :
शेंगदाणे दोन किलो, आणि मागच्या बाजूला
निळसर डागात कुठल्यातरी खडी केंद्राचं
अर्धं नाव.

गेल्या रविवारी स्कूटर काढलीच नाही.
सर म्हणाले, आज घरापासून.
भिंतीला भिंत तपासली, रेघ सापडेना.
काकू आतून म्हणाल्या,
त्या घड्याळाखाली बघा, मीच टांगलंय.

सरांनी घड्याळ उतरवलं.
छातीशी धरून उभे राहिले,
त्याची टिकटिक आम्हा दोघांना ऐकू येत होती.
मग म्हणाले, लिही.
मी पेन उघडलं.
कुठल्या रकान्यात, सर?