तिसरा जर-तर

राजधानीहून आलेल्या फाइलीत बावीस पानं होती.
विषय: हवामान. पातळी: मध्यम. वेळ: पंचेचाळीस मिनिटं.
पहिल्या पानावर एक गुबगुबीत मुलगा
दात घासताना नळ बंद करतो.
खाली रिकाम्या जागा भरा.

माझ्या वर्गात नळ कुणाच्याच घरी नाही.
नदीचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडायचा,
पोत्यात भरायचा, उंटावर लादायचा, घरी वितळवायचा.
दुसऱ्या पानावर: विमानानं कमी फिरा.
तिसऱ्यावर: मांस आठवड्यातून दोनदाच.
हे ऐकून खुलानची आई इतकी हसली
की चुलीत सारायची गोवरी हातातच राहिली.

पानं मी फेकली नाहीत. शिक्षक काही फेकत नाहीत.
नळावर कागद चिकटवून त्यावर कुऱ्हाड काढली.
मला चित्र जमत नाही; मुलांना ती बकरी वाटली.
चालेल, म्हटलं, बकरीवर वाक्य करा.

फेब्रुवारीत रस्ते बुजले, वसतिगृह रिकामं झालं,
शाळा माझ्या फोनमध्ये शिरली.
चौदा चौकोन. त्यातले नऊ काळे.
एकात कुणाचं तरी तान्हं, एकात नुसतं तंबूचं छत,
आणि एकात, दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला,
वारा.

तो गान्सुख. आमच्या भाषेत पोलादी कुऱ्हाड.
रेंज फक्त टेकडीवर, ओवोच्या दगडांच्या राशीपाशी,
म्हणून तो इंग्रजीला घोडीवर बसून यायचा.
त्याच्या डोक्यामागे निळे रेशमी पट्टे फडफडत
आणि मी ओरडे, माइक बंद कर, माइक बंद कर.
मग कळलं, वारा बंद केला
की तोही बंद होतो.

जर-तर शिकवायला घेतले.
पहिला: जर गवत संपलं, तर आम्ही तळ हलवू.
हा होण्यासारखा.
दुसरा: जर माझ्याकडे विमान असतं,
तर मी ते कमी उडवलं असतं.
हा खुलानचा. सगळे काळे चौकोन हसले.
तिसऱ्यापाशी मी जरा रेंगाळले.
तिसरा, होऊन गेलेल्याचा.
त्यात काही बदलता येत नाही,
फक्त क्रियापदं जागच्या जागी लावता येतात.
पाठाच्या आराखड्यात त्याला दहा मिनिटं दिली होती.

त्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला होता.
रात्रीतून गोठला. गवत खाली दिसत होतं,
काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखं.
याला आम्ही लोखंडी झुद म्हणतो.
फाइलीच्या शब्दयादीत झुद नव्हता.
जाड शब्दकोश काढला, तर तिथे तो आमचाच,
डी आणि झेड एकमेकांना चिकटवून ठेवलेला.

मंगळवारी गान्सुख धापा टाकत होता.
घोडी कुठे? विचारलं, इंग्रजीतच,
कारण तास चालू होता.
बराच वेळ काही नाही. वाटलं, रेंज गेली.
मग तो म्हणाला,
जर बर्फ पातळ असता,
तर घोडीनं खुरानं उकरलं असतं.

एक 'हॅड' राहिला होता.
मी दुरुस्त केला. सवय.
त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं, 'हॅड' घालून,
एकेक शब्द वेगळा ठेवत, अगदी नीट.
नीट म्हटल्यावर ती जास्तच मेली.

एप्रिलमध्ये राजधानीहून फॉर्म आला.
हे साहित्य कितपत उपयोगी पडलं? एक ते पाच.
मी तीनवर खूण केली.
सूचनेच्या चौकटीत लिहिलं:
शब्दयादीत एक शब्द वाढवावा, स्पेलिंग सोबत जोडलं आहे.
तिसऱ्या जर-तरला दहा मिनिटं
पुरत नाहीत.

गान्सुख आता टेकडी पायी चढतो.
वीसेक मिनिटं उशीर होतो.
हजेरीत मी
दहाच लिहिते.