मेंजाच्या वाफ्यावरच्या काचा

एकशे बारा काचा निघाल्या वाफ्यावरून.
चौकटी तीनदा बदलल्या, काचा त्याच.
लांबीचे तुकडे गळत होते
आणि कडांवर गोगलगाईंचा
वाळून चकाकणारा माग.
मी त्या कोमट पाण्यात एकेक धुते,
गावच्या कचेरीच्या तळघरात,
ताशी तेवीस फ्रँक.

बाल्त्सर स्तुपान खेचर घेऊन वर जायचा.
खेचराच्या पाठीवर काचा, पेंढा, तिपाई,
आणि कॅमेरा स्वतःच्या पाठीवर,
खेचर घसरलं तर तेवढा वाचावा म्हणून.
आपणही घसरू, हे त्याच्या मनात कधी आलं नाही,
आणि घसरलाही नाही.
गेला तो खाली, घरात, छातीत कफ भरून,
रसायनवाल्याची उधारी मागे ठेवून.

मेंजानं काचा विकायला काढल्या.
कोणी घेईना.
डोंगर तर फुकट दिसतो, म्हणाले लोक.
मग तिनं त्या सॅलडवर घातल्या.
उंचावरचं गाव, जूनमध्येही दहिवर गोठतं,
पण त्या वर्षी तिची पानं
सगळ्यांच्या आधी बाजारात.
(कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते.)

काच सत्तेचाळीस : चर्चचा मनोरा.
उलटा उजेड. बर्फ काळा, आभाळ पांढरं,
घरांच्या गिलाव्यावर कोरलेले मासे, सूर्य, जलपऱ्या
सगळ्या उजेडाच्या रेघा.
कडेला त्याच्या हातचं : बाजाराचा दिवस, अकरा सेकंद.
आणि रस्ता रिकामा.
बाजाराचा दिवस, आणि रस्ता रिकामा!
जो जो चालला, तो तो नाही.
गाई नाहीत, सौदे नाहीत,
पाववाल्याची घाई नाही.
आहे एक उभ्या उभ्या झोपलेलं खेचर
आणि कारंज्याशी ओणवी एक बाई,
बादली भरेपर्यंत थांबलेली.

दुपारी जाऊन मोजलं. कारंजं तेच आहे.
मला चौदा लागले.
धार बारीक झाली असेल,
नाहीतर माझी बादली मोठी.

साठाच्या पुढच्या काचा हिमनदीच्या.
त्या दक्षिणेच्या चौकटीत होत्या, भर उन्हात.
त्यांच्यावर आता काही नाही.
उन्हानं, दवानं, झारीतून उडालेल्या चिखलानं
सगळं सोलून नेलं.
रकान्यात 'विषय' विचारलंय.
मी लिहिलं : हिमनदी.
फाद्री म्हणाला, दिसत नाही ते लिहू नका, बाई.
मी खोडलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही;
त्याचा आजा तिथे वाटाड्या होता.

काच उचलून खिडकीशी धरली, सवयीनं.
पलीकडे डोंगर, उघडा, राखाडी,
दगडांच्या चिंध्या खांद्यावरून घसरलेल्या.
आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात
एका पानाचं, की अंगठ्याचं,
पुसट कडं.

पाणी निवत चाललंय.
ते धुवायचं की राहू द्यायचं,
अजून ठरत नाही.