चोवीस

पंधरा वर्षं मी मधली चित्रं काढली.
म्हणजे कसं, की उडी मारायला वाकलेलं माकड
दुसरं कुणी काढायचं,
फांदीवर पोचलेलं माकडही त्याचंच.
मधल्या हवेतलं माकड माझं.
बाणेरच्या चौथ्या मजल्यावर, दिवसाही पडदे ओढून,
सेकंदाला चोवीस.
आई म्हणाली, म्हणजे जे कुणाला दिसत नाही
ते तू काढतेस.

एकदा एका सशाचा डावा कान
मी पावणेदोन महिने खाली आणत होते.
टीव्हीवर तो कान आला तेव्हा
भाचा पाणी प्यायला उठला होता.

सोडते म्हटल्यावर ढोलेसरांनी विचारलं,
नुसती चित्रं काढून पोट भरणार का?
म्हटलं, सर, आत्ता काय करतेय?
सर हसले. हिशेबाच्या पोरीने
माझ्याकडचं डिजिटल पेन परत घेतलं,
आणि वहीत सही.

तांबट आळीत पत्रा घ्यायला गेले.
मोरेश्वरअण्णा म्हणाले, बंब की घंगाळं?
काहीच नाही, म्हटलं, याच्यावर ओरखडे काढायचेत.
त्यांनी हातोडी खाली ठेवली.
मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
मग घासून आरसा करून देतो, म्हणाले,
ओरखडे तरी नीट दिसतील.

प्रेस बनवला भोसरीच्या गव्हाण्यांनी.
दोन रूळ, एक चाक, खाली सरकता पाट.
तोवर त्यांनी उसाचे चरकच केलेले,
तेव्हा सवयीने माझ्याही चाकाला
घुंगरू बांधून पाठवलं.
मी काढलं नाही.

ओंकारेश्वरासमोर, नदीत
(तिथे जे काही वाहतं त्याला नदी म्हणायचं)
एक राखी बगळा उभा असतो.
चार दिवस त्याच्याकडे बघत बसले.
हात सारखा विचारत होता,
याच्या आधी काय? नंतर काय?
मान कुठून कुठे न्यायचीय?
कुठेच नाही, बाबा. उभा आहे तो.
हाताला हे पटायला पावसाळा गेला.

मग मेण, सुई, आम्ल.
आम्लात तांबं हळूहळू खाल्लं जातं
आणि वास येतो नाणं चाटल्यासारखा.
शाई भरायची, मलमलीने पुसायची,
शेवटचा हात तळव्याचा.
ओला कागद. चाक. घुंगरू.
किती प्रती काढायच्या ते आधी ठरवावं लागतं.
लोक पंचवीस म्हणतात, पन्नास म्हणतात.
माझ्या तोंडून दुसरा आकडा निघालाच नाही.

वाळल्यावर गठ्ठा सारखा केला
आणि अंगठ्याने
(जुनी खोड, जाते थोडीच)
पानं भरभर सोडली.
कागद जाड, नीट फडफडेनात.
पण सातवीत शाई जरा जड होती,
अकरावी केसभर तिरकी,
विसावीत चोचीपाशी पुसायला चुकले होते.
बगळ्याच्या गळ्याखाली काहीतरी हललं.
एक सेकंद.
पुन्हा केलं. पुन्हा हललं.
दारात दूधवाला उभा होता, त्यालाही दाखवलं.
तो म्हणाला, ताई, पिशवी.

त्याच दुपारी पत्र्यावर
कोपऱ्यातून कोपऱ्यात फुली मारली.
नियम आहे तसा. आता पंचविसावा नाही.
पेन्सिलीने आकडे घातले, सही केली.
पंधरा वर्षांत कुठल्या चित्रावर
सही करायची असते हे माहीतच नव्हतं,
पहिल्या तिनांवर नाव वेगवेगळं आलंय.

प्रदर्शन एरंडवण्यात, एका दाताच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर.
एक औंधला गेला, एक नाशिकला,
दोन कुणीतरी सुनेसाठी आणि सुनेच्या आईसाठी.
तो सेकंद आता पुन्हा जुळायचा नाही.
रात्री मोजताना घशात आलं खरं.

शेवटच्या दिवशी एक आजोबा.
चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला, बारा भागिले चोवीस.
पहिला गेला? गेला.
शेवटचा? तोही.
मग हा मधला. मधल्याला काही कमी?

नाही, म्हटलं. मधल्याला कमी नाही.
माझा आवाज जरा चढलाच असावा.
आजोबा काही न बोलता निघाले,
अर्धा जिना उतरले,
काठीचा आवाज थांबला.

मग वर यायला लागला.